क्वार्टर सुटते, तेव्हा घर कुठे?

भिलाईच्या पोलाद कारखान्यात पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाला ‘तुमचं घर कुठं?’ असे विचारले, की तो वर्धा, भंडारा किंवा थेट केरळातले पालघाट सांगतो. मग पुस्ती जोडतो, ‘सध्या सेक्टरमध्ये राहतो.’ हे ‘सध्या’ उभ्या आयुष्याचे असते!

सोव्हिएत संघाशी १९५५ मध्ये करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबरच वसाहतही उभी राहिली. रुंद रस्ते, शाळा, सेक्टर ९ चे मोठे रुग्णालय, आणि नाममात्र भाड्याची क्वार्टर्स. मागच्या अंगणात शेवगा, पेरू, कढीपत्ता. गृहिणींनी हाताने लावलेली ही झाडे घरापेक्षा उंच झाली. पण घर मात्र कधीच त्यांचे नव्हते. निवृत्तीनंतर थोड्या महिन्यांची सवलत, की किल्ली परत.

नोकरीला बांधलेले घर ही काही आपल्याकडचीच गोष्ट नाही. इंग्लंडच्या खेड्यांत शेतमजुराला मालक कॉटेज देई आणि मजुरी सुटली की छप्परही जाई. तिथे १९७६ मध्ये कायदा करून या मजुरांना संरक्षण देण्यात आले. भिलाईत तसे काही नाही. उलट मुदतीनंतर क्वार्टर अडवून धरले, तर दंडाचे भाडे ग्रॅच्युइटीतून वळते करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये ‘सेल’च्याच एका प्रकरणात सांगितले. कारखान्याची बाजूही समजण्यासारखी आहे. जुने लोक हलले नाहीत, तर नव्या कामगाराने राहायचे कुठे?

मग बाजार सुरू होतो तो वसाहतीच्या कडेला. नेहरूनगर, स्मृतीनगर, जुनवानी, कोहका. काल-परवापर्यंत जिथे धान पिकत होते, तिथे प्लॉट पडले. भविष्यनिधीची रक्कम हाती आलेला निवृत्त माणूस हा इथला हक्काचा गिऱ्हाईक. ज्यांनी नोकरीत असतानाच, पोटाला चिमटा काढून, प्लॉट घेऊन ठेवला ते सुटले. ‘शेवटी गावीच जायचंय’ म्हणत राहिलेल्यांची मात्र पंचाईत झाली. गावचे घर भावांत वाटले गेलेले, मुले रायपूर-पुण्याकडे, आणि ओळखीची सारी माणसे भिलाईत. शेजारच्या छत्तीसगढी गावकऱ्यांची कथा आणखी निराळी. त्यांच्या जमिनी पन्नासच्या दशकात कारखान्याने घेतल्या. उरलेल्या तुकड्यांना पुढे भाव आला खरा, पण तुकडा विकल्यावर त्याच गावात दुसरा घेणे त्यांच्या मुलांना झेपेना.

एक दार मध्यंतरी उघडले होते. नव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत ‘सेल’ने क्वार्टर्स दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने देण्याची योजना आणली. मालकी नव्हे, ३३ वर्षांचा पट्टा. ज्यांच्याजवळ तेव्हा पैसा होता त्यांनी तो घेतला. मुलीचे लग्न तोंडावर असलेले थांबले. नंतर योजना बंद पडली. ती पुन्हा सुरू करा, ही मागणी तेव्हापासून चालूच आहे.

दरम्यान कारखान्याची माणसेच कमी झाली. १९८० च्या दशकात इथे साठ हजारांहून अधिक कायम कामगार होते. आता त्याच्या निम्मेही नाहीत. ठेक्यावरच्या मजुरांची संख्या वाढली, पण ते बहुतेक कॅम्प, खुर्सीपार किंवा जवळच्या खेड्यांत राहतात. परिणामी सेक्टरांत कित्येक क्वार्टर्स कुलूपबंद पडली आहेत. काहींत भलतेच लोक घुसतात आणि मग त्यांना हुसकायला पथक येते. दोन गल्ल्या पलीकडे मात्र निवृत्तीला वर्षभर उरलेले जोडपे रविवारी स्कूटरवरून प्लॉट पाहायला निघते. भाव ऐकून परत येते आणि पुढच्या रविवारी आणखी थोडे लांब जाते.