‘ट्रक’ : एका लुप्त अर्थाचा मागोवा

‘ट्रक’ म्हटले की मराठी वाचकासमोर मालवाहू मोटार उभी राहते. इंग्रजीत याच उच्चाराचा आणि लेखनाचा दुसरा एक शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ ‘वस्तूच्या बदल्यात वस्तू देणे’ असा होय. वाहनवाचक शब्दाचा संबंध चाक, कप्पी अशा अर्थाच्या ग्रीक-लॅटिन शब्दांशी जोडला जातो. विनिमयवाचक शब्द मात्र जुन्या फ्रेंचमधून मध्ययुगीन इंग्रजीत आला. फ्रेंचमधील ‘त्रोके’ हे क्रियापद आजही अदलाबदलीच्याच अर्थाने रूढ आहे. इंग्रजीत तो अर्थ जवळजवळ लोपला आहे.

अॅडम स्मिथ याने ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ (१७७६) या ग्रंथात मानवाच्या विनिमयप्रवृत्तीचे वर्णन करताना ‘ट्रक’ हे क्रियापद ‘बार्टर’ व ‘एक्स्चेंज’ यांच्या पंक्तीस बसविले आहे. तेथे त्याला कोणताही हीन अर्थ चिकटलेला नाही. देणारा आणि घेणारा दोघेही नकार देण्यास मोकळे आहेत, हे त्यात गृहीत आहे.

पुढे औद्योगिक इंग्लंडमध्ये हे गृहीतच ढळले. खाणी व लोखंडाचे कारखाने यांतील अनेक मालक मजुरी रोख न देता मालाच्या रूपाने, किंवा आपल्याच दुकानात चालणाऱ्या चिठ्ठ्यांच्या रूपाने देत. मजुराला चढ्या दराने निकृष्ट माल पदरात घ्यावा लागे. या पद्धतीला ‘ट्रक’ हेच नाव मिळाले. १८३१ च्या ‘ट्रक अॅक्ट’ने ठरावीक उद्योगांत मजुरी चलनी नाण्यांत देण्याची सक्ती केली, १८८७ मध्ये तिची व्याप्ती वाढली, १९८६ च्या वेतनविषयक कायद्याने हे कायदे रद्द झाले. डिझरायलीच्या ‘सिबिल’ (१८४५) या कादंबरीत अशा दुकानाचे चित्रण आढळते.

हा अर्थापकर्ष शब्दाच्या अंगभूत दोषातून झालेला नाही. एका पक्षाची नकार देण्याची मुभा संपली आणि विनिमयाचा शब्द पिळवणुकीचा वाचक ठरला. मराठीतील ‘साटेलोटे’ हा शब्द या संदर्भात ताडून पाहण्यासारखा आहे. परस्परांच्या घरी मुली देण्याघेण्याचा हा वाचक शब्द आज संगनमताच्या अर्थाने अधिक वापरला जातो. मात्र तेथे दोन्ही पक्ष राजी असतात आणि हानी तिसऱ्याची होते. ‘ट्रक’मध्ये हानी व्यवहारातील दुर्बल पक्षाचीच होते.

म्हणून स्मिथच्या ‘ट्रक’साठी ‘अदलाबदल’ हा प्रतिशब्द चालेल. १८३१ च्या ‘ट्रक’साठी ‘मालरूपी मजुरी’ असेच म्हणावे लागेल. दोन्हीकडे एकच शब्द योजल्यास मजुराची अगतिकता अनुवादातून निसटून जाते.