ओठ आणि गाणं जुळवताना
कॉलेजच्या गाण्याचा व्हिडिओ मोबाइलवरही उत्तम होतो. अडतं ते ओठ आणि आवाज जुळवताना. म्हणून गाणं आधी पक्कं रेकॉर्ड करा आणि शूटिंगच्या वेळी तेच स्पीकरवर मोठ्याने लावा. गाणाऱ्याने नुसते ओठ हलवू नयेत, खरंच गावं. गळ्याच्या शिरा ताणलेल्या दिसल्या की चेहरा खोटा वाटत नाही. कॅमेऱ्याचा माइकही चालू ठेवा. तो आवाज शेवटी काढूनच टाकायचा असतो, पण एडिटिंगला त्याच्याच लहरींवर मूळ गाणं बसवता येतं. डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीतही हे आपोआप होतं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइटखाली सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवा, नाहीतर चित्र लुकलुकतं. शूटिंगचा फोन एअरप्लेन मोडवर टाका. ऐन कडव्यात कॉल आला तर टेक गेलाच.