आईची गोष्ट सांगणारा श्याम

'श्यामची आई' या पुस्तकाला रूढ अर्थानं कथानक नाही. त्यात बेचाळीस रात्री आहेत. आश्रमातली सायंप्रार्थना झाली की मित्र जमतात, गावातली माणसं येऊन बसतात आणि श्याम आपल्या आईची एक आठवण सांगतो. कधी मुक्या कळ्यांची, कधी पत्रावळीची, कधी मीठ घालायचं राहून गेलेल्या भाजीची. प्रत्येक रात्र आपल्यापुरती पूर्ण असते. अशा पुस्तकावर चित्रपट करायचा तर पटकथा लिहिणारा पहिल्याच पानाला अडतो. गोष्ट नक्की कोणाची सांगायची, आईची की श्यामची? सत्तर वर्षांच्या अंतरानं आलेल्या दोन चित्रपटांनी या प्रश्नाची दोन वेगळी उत्तरं दिली. पहिला आचार्य अत्र्यांचा, १९५३ सालचा. दुसरा सुजय डहाके यांचा, १० नोव्हेंबर २०२३ रोजी, ऐन धनत्रयोदशीला प्रदर्शित झालेला.

आधी पुस्तकाविषयी, कारण नव्या चित्रपटाची किल्ली तिथेच आहे. ते लिहिणारे पांडुरंग सदाशिव साने, म्हणजेच साने गुरुजी, यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा, दापोली तालुक्यातल्या पालगडचा. १९२४ पासून ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांची अंथरुणं झटकण्यापासून आजारपण काढण्यापर्यंत सगळं करणारे म्हणून मुलं त्यांना ओळखत. १९३० मध्ये नोकरी सोडून ते कायदेभंगात उतरले आणि तुरुंगात गेले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली, ती उतरवून घेणारा हात साने गुरुजींचाच. पुढं नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ ला त्यांनी 'श्यामची आई' लिहायला घेतलं आणि १३ तारखेच्या पहाटे ते हातावेगळं केलं. तुरुंगातलं काम करून उरलेल्या वेळात, पाच दिवसांत. १९३५ मध्ये पुस्तक छापून आलं.

म्हणजे ज्या आठवणी आपण कोकणातल्या अंगणात बसून ऐकतो असं वाटतं, त्या प्रत्यक्षात तुरुंगात कागदावर उतरल्या. लिहिणारा माणूस तेहतीस वर्षांचा होता आणि आईला जाऊन पंधराएक वर्षं झाली होती. ती गेली तेव्हा तो शिक्षणासाठी दूर होता. घरी पोचला तोवर सगळं संपलं होतं, हाती फक्त रक्षा लागली. शेवटची भेट हुकलेल्या मुलानं लिहिलेलं हे पुस्तक आहे. ते वाचताना गळा दाटतो त्याचं श्रेय भाषेच्या हळवेपणाला देण्याची आपल्याला सवय आहे. मला ते या हुकलेल्या भेटीला द्यावंसं वाटतं.

अत्र्यांनी चित्रपट केला तेव्हा गुरुजींना जाऊन तीनच वर्षं झाली होती. ११ जून १९५० ची ती बातमी महाराष्ट्राच्या अंगात अजून मुरलेली होती. थिएटरात बसलेल्या कित्येकांनी त्यांना सभेत ऐकलं होतं, 'साधना' साप्ताहिकात वाचलं होतं. श्याम मोठेपणी कोण झाला हे त्या प्रेक्षकाला सांगायची गरजच नव्हती. म्हणून अत्र्यांनी गोष्ट आईवर उभी केली आणि आईचं काम दिलं वनमालाबाईंना. ग्वाल्हेरच्या या सुशीलादेवी पवार 'सिकंदर'सारख्या चित्रपटामुळे हिंदीत गाजलेल्या होत्या. त्या ऐश्वर्यसंपन्न नायिकेला अत्र्यांनी कोकणातल्या कर्जबाजारी घराच्या चुलीपुढं बसवलं, आणि मराठी माणसाच्या मनात श्यामच्या आईचा चेहरा कायमचा ठरून गेला. छोटा श्याम झालेले माधव वझे पुढं नाट्यदिग्दर्शक आणि समीक्षक झाले, तरी त्यांची ओळख करून देताना लोक आधी श्याम म्हणत आणि मग वझे. वसंत देसाईंचं संगीत, 'भरजरी गं पितांबर' आणि 'छडी लागे छमछम' ही गाणी आजही शाळांच्या स्नेहसंमेलनात हमखास होतात. १९५४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार सुरू झाले, तेव्हा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक या चित्रपटाला मिळालं. ते पुन्हा मराठीत यायला 'श्वास'पर्यंत, म्हणजे अर्धं शतक वाट पाहावी लागली.

इतकं मोठं नाव असलेल्या चित्रपटाला पुन्हा हात लावण्यात काय अर्थ, असं नव्या चित्रपटाची घोषणा झाल्यावर अनेकांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. लहान मुलांची लाडकी पुस्तकं पडद्यावर आणताना आपल्याकडे दुसरी वाटही चोखाळली गेली आहे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे २०१७ मध्ये आला तो मोबाइलच्या जमान्यातला तरुण होऊन, आणि गोष्ट परीक्षांमधल्या घोटाळ्याची झाली. फेणेला ते मानवलं, कारण धावणं आणि शोधणं कुठल्याही काळात चालतं. श्यामला तसं उचलून आजच्या फ्लॅटमध्ये आणता येत नाही. सावकार, जप्ती, सोवळं-ओवळं, विहिरीचं पोहणं, मावळतीनंतरचा अंधार हे सगळं काढलं तर त्याच्या आईजवळ शिकवायला काही उरत नाही.

डहाके यांनी काळ तसाच ठेवला आणि एक धाडस केलं. रंगीत चित्रपटांच्या युगात त्यांनी 'श्यामची आई' कृष्णधवल केला. कोणी याला जुन्या चित्रपटाला वाकून केलेला नमस्कार म्हणेल. मला त्यातलं दुसरं काही जास्त मोलाचं वाटतं. रंगीत पडद्यावरचं कोकण आता पर्यटनाच्या जाहिरातीसारखं दिसू लागलं आहे: हिरवी झाडी, लाल माती, निळा समुद्र. त्या हिरवाईत गरिबी दिसत नाही. रंग काढून घेतला की चिरे, धूर आणि विटलेलं लुगडं पुढं येतं. पुस्तकाच्या शेवटच्या दहा-बारा रात्री कर्ज, उपासमार आणि अब्रूच्या धिंडवड्यांच्या आहेत. त्यांना हीच छटा शोभते.

मात्र खरा फरक केंद्रात आहे. नव्या चित्रपटात ओम भूतकर स्वातंत्र्यलढ्यातले साने गुरुजी झाले आहेत. आई गौरी देशपांडे, वडील संदीप पाठक आणि छोटा श्याम शर्व गाडगीळ. बालपण आणि गुरुजींचं मोठेपण असे दोन काळ शेजारी ठेवल्यामुळे आठवण सांगणारा माणूस पडद्यावर येतो. आजच्या दहा वर्षांच्या मुलाला साने गुरुजी म्हणजे पाठ्यपुस्तकातली एक प्रार्थना, फार तर भिंतीवरची तसबीर. त्या मुलासाठी श्यामचा पुढचा प्रवास दाखवणं आवश्यकच होतं. जुन्या चित्रपटातल्यासारखं ओठांवर बसणारं गाणं नव्यानं दिलं, असं मी म्हणणार नाही. पण अत्र्यांना जे सांगायची गरज नव्हती, ते यानं सांगितलं आणि पुनर्निर्मितीला एवढं कारण पुरेसं आहे.

श्यामचं मोठेपण माहीत असलं की पुस्तकातल्या रात्री कशा बदलतात, याची एक रात्र मी नेहमी सांगतो. पंचविसावी. एका म्हाताऱ्या महार बाईची लाकडाची मोळी खाली पडली आहे आणि ती डोक्यावर चढवून द्यायला कोणी पुढं होत नाही, विटाळाची भीती. आई श्यामला सांगते, जा, मोळी उचलून दे. आणि लगेच हेही सांगते की घरी येऊन आंघोळ कर. आजचा वाचक दुसऱ्या वाक्याला ठेचकाळतो, आणि ठेचकाळायलाच हवं. श्यामच्या आईला आपल्या काळाच्या भिंतीपलीकडे पूर्ण जाता आलं नाही. तिनं मुलाला उंबऱ्यापर्यंत आणून सोडलं. उरलेली वाट मुलगा चालला: महाराष्ट्रभर दौरा करून, १ मे ते १० मे १९४७ असं दहा दिवसांचं उपोषण करून त्यानं पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुलं करायला लावलं. मोळी आणि ते उपोषण एकत्र वाचली नाहीत, तर पंचविसावी रात्र नुसती दयेची गोष्ट होऊन राहते.

पोहण्याच्या रात्रीबद्दलही हल्ली पालक विचारतात. पाण्याला घाबरून लपलेल्या श्यामला आई मारत बाहेर काढते. मुलाला मारावं का, याचं उत्तर आज स्पष्टपणे नाही असंच आहे आणि ते मुलांना सांगायला कचरू नये. पण पोहून आलेल्या मुलाच्या पाठीवरचे वळ पाहून तिचे डोळे भरतात आणि आपल्या मुलाला कोणी भित्रा म्हणू नये म्हणून ती तळमळत होती, हेही त्याच पानावर आहे. दोन्ही वाचावं.

आणि दिवाळीचा अंक हातात असताना बाविसावी रात्र कशी विसरावी? तिचं नावच 'आनंदाची दिवाळी'. घरात पैशांची चणचण, वडिलांचं धोतर फाटलेलं. भावानं भाऊबीज म्हणून आईला पैसे पाठवले आहेत. तिचंही लुगडं काही नवं नाही. पण त्या पैशांतून ती नवऱ्यासाठी धोतर आणवते. त्यागाचा धडा म्हणून ही रात्र शिकवली जाते. मला त्या घरातलं एकमेकांकडे पाहणं महत्त्वाचं वाटतं. अळणी भाजीच्या रात्री वडील काही न बोलता जेवतात, इथं आई काही न बोलता धोतर आणवते. त्या घरात सोसायची वेळ तिच्या वाट्याला जास्त आली हे खरंच, पण लक्ष दोघांचं एकमेकांकडे होतं.

डहाके यांनी याआधी मिलिंद बोकीलांची 'शाळा' पडद्यावर आणली होती आणि तिला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या ७१व्या राष्ट्रीय पुरस्कारांत तोच मान 'श्यामची आई'ला मिळाला. पहिल्या पुरस्कारांत सुवर्णपदक घेतलेली गोष्ट एकाहत्तराव्या पुरस्कारांतही पुन्हा उभी राहते, असं भाग्य मराठीतल्या दुसऱ्या कुठल्या पुस्तकाच्या वाट्याला आलेलं नाही.

साने गुरुजींच्या निधनाला साठ वर्षं उलटल्यानं २०११ पासून या पुस्तकावर कोणाचाही स्वामित्वहक्क राहिलेला नाही. त्यामुळे आवृत्त्या पुष्कळ निघाल्या, स्वस्तही निघाल्या, आणि काहींत मजकूर कापून चार-सहा निवडक गोष्टीच उरल्या. मुलांसाठी घेताना बेचाळीस रात्री पूर्ण आहेत की नाहीत, हे अनुक्रमणिका उघडून बघून घ्या. दोन्ही चित्रपट दाखवा, आधी कुठलाही. पण पुस्तक मोठ्यानं वाचा, एका रात्री एकच आठवण, आणि कर्जाच्या, विटाळाच्या, माराच्या रात्री गाळू नका. मुलं त्याच रात्रींबद्दल सर्वांत जास्त प्रश्न विचारतात.