मोटारींतील धूरशोधक भाग काढून टाकणें हिताचें काय ?

हल्लीं पुष्कळ शेतकऱ्यांच्या दारीं मालवाहू मोटार उभी असते. ती जुनी होऊन चढावर दम टाकूं लागली, कीं एखादा मिस्त्री सल्ला देतो : "सायलेन्सरांतील जाळी काढा, धूर परत नेणारी नळी पत्रा मारून बंद करा; गाडी मोकळी होईल." सल्ला स्वस्त असतो व कांहीं दिवस खराही वाटतो. म्हणून हे भाग कोणतें काम करितात व ते काढल्यानें आपलें काय जातें, हें वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

इंजिनाच्या धुरांत मुख्यतः तीन उपद्रवी वायू असतात : अर्धवट ज्वलनानें होणारा कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन, आणि अति उष्णतेमुळें हवेंतीलच नायट्रोजन व ऑक्सिजन यांच्या संयोगानें होणारीं नायट्रोजनचीं ऑक्साइडें. डिझेलच्या इंजिनांत यांखेरीज काजळीही असते.

धूर परत नेणारी नळी, म्हणजे ईजीआर, निघालेल्या धुराचा कांहीं अंश पुन्हां इंजिनांत सोडते. त्या योगें ज्वलनाची उष्णता उतरते व नायट्रोजनचीं ऑक्साइडें कमी होतात. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरांत पोळ्यासारख्या छिद्रांवर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या धातूंचा सूक्ष्म लेप असतो. त्याच्या स्पर्शानें विषारी वायूंचें रूपांतर कार्बन डायऑक्साइड, पाणी व नायट्रोजन यांत होतें. डिझेलच्या गाडींतील डीपीएफ ही काजळीची गाळणी होय. सांचलेली काजळी सुमारें ६०० अंश सेंटिग्रेड उष्णतेंत जळून ती पुन्हां मोकळी होते.

मिस्त्रीच्या म्हणण्यांत सत्याचा अंश आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. तुंबलेली गाळणी इंजिनाचा श्वास कोंडते. परंतु ती तुंबली कां, हें पाहावयास नको काय ? इंजिन ऑइल जाळीत असेल, इंजेक्टर गळत असेल, किंवा गाडी नेहमीं गांवांतल्या गांवांत थोडथोडी चालत असेल, तर काजळी सांचणारच. गाळणी फेकल्यानें मूळ दोष इंजिनांत तसाच राहतो, आणि तो दाखविणारें चिन्ह मात्र नाहींसें होतें. शिवाय नव्या गाड्यांतील संगणक हे भाग जागेवर आहेत असें धरूनच इंधन सोडतो. ते काढले म्हणजे इशाऱ्याचा दिवा लागतो व कित्येक गाड्यांची शक्ति आपोआप उतरविली जाते.

आतां शेतकऱ्याच्या खास हिताची गोष्ट. अमेरिकेंत लॉस एंजेलिसच्या आसपास १९४४ च्या सुमारास पालेभाज्यांच्या पानांवर चमत्कारिक चट्टे दिसूं लागले. पुढें १९५० नंतरच्या कांहीं वर्षांत हागेन-स्मिट या शास्त्रज्ञानें दाखविलें कीं, मोटारींच्या धुरांतील हायड्रोकार्बन व नायट्रोजनचीं ऑक्साइडें यांवर सूर्यप्रकाश पडून ओझोन उत्पन्न होतो. १९५८ सालीं कॅलिफोर्नियांतील द्राक्षवेलींच्या पानांवरील बारीक काळसर ठिपकेही ओझोनमुळेंच पडतात, असें ठरलें. हा वायु पानांच्या रंध्रांतून आंत शिरून हरितद्रव्याचा नाश करितो. गहूं व सोयाबीन यांसही तो बाधतो. आणि तो वाऱ्याबरोबर शहरापासून दूरच्या शिवारांतही जातो. द्राक्षबाग व सोयाबीन ज्यांच्या घरीं आहे, त्यांनीं आपल्याच गाडीचा हा बांध फोडावा, हें शहाणपणाचें नव्हे.

कायद्याचीही बाजू आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें गाडीच्या मूळ बनावटींत मन मानेल तसा फरक करण्यास मनाई आहे. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर धुराची मर्यादा मोडून सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालविल्यास १०,००० रुपयांपर्यंत दंड अथवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊं शकते.

मग करावें काय ? प्रथम हवेची जाळी पाहावी. ईजीआर उतरवून काजळी साफ करवून घ्यावी. इंजेक्टर तपासावे. डीपीएफ असल्यास पुस्तकांत सांगितलेलेंच ऑइल वापरावें व मधून मधून गाडी मोठ्या रस्त्यावर सलग वेगानें चालवावी. इतकें करूनही दम न आल्यास कन्व्हर्टर तुंबला आहे काय, हें मापून पाहावें. आणि तो बदलण्यापूर्वीं तुंबण्याचें कारण दूर करावें, नाहीं तर नवाही लवकरच त्याच वाटेनें जाईल.