खडक तापतो, पाणी का नाही?

मे महिन्यात भर दुपारी लोणार सरोवराच्या काठी काळ्या बेसॉल्ट खडकावर अनवाणी पाय ठेववत नाही. पाणी मात्र तेवढं तापलेलं नसतं. खडकाने जास्त उष्णता घेतली, असं आपण धरून चालतो. पण उष्णता आणि तापमान एक नव्हे. तांब्याभर पाणी बाटलीत ओतलं की पातळी झटकन चढते. परातीत जेमतेम तळ झाकला जातो. ओतलेलं पाणी ही उष्णता, पातळी हे तापमान; बाटली म्हणजे खडक, परात म्हणजे सरोवर. एक ग्रॅम शुद्ध पाणी १ अंश सेल्सिअसने तापवायला १ कॅलरी लागते (हाच त्याचा विशिष्ट उष्मा). बेसॉल्टला साधारण ०.२. लोणारला एवढंच कारण नाही, बरं का: ऊन पाण्यात खडकापेक्षा खोल शिरतं आणि बाष्पीभवनातही बरीच उष्णता निघून जाते.