बायपोलरमधलं डिप्रेशन: पंचवीसची गोळी, रक्ताची लेव्हल आणि मीठ

हा आपल्या ताज्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना शंभर वेळा आलेलं 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' काढून टाकलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

विषय आला तो काशीमिऱ्याच्या एका ताईंच्या व्हॉइस मेसेजमधून. नवऱ्याला बायपोलरचं निदान झालंय, सध्या डिप्रेशनचा काळ चालू आहे. डॉक्टरांनी लॅमोट्रिजिन सुरू केलंय, तेही फक्त पंचवीस मिलिग्रॅम. दोन आठवडे झाले, ढिम्म फरक नाही. शेजारच्या मुलाला डिप्रेशनच्या गोळीनं महिन्याभरात बरं वाटलं, मग ह्यांना तीच का देत नाहीत? आणि घरात सगळे म्हणतायत की उपयोग नाही तर बंद करा.

मी डॉक्टर नाही, कोड लिहून पोट भरणारा माणूस आहे. त्यामुळे कुणी कुठली गोळी घ्यावी हे मी सांगणार नाही. पण ही गोळी अशी का दिली जाते, हे समजावून सांगता येतं. आणि ते समजलं तर 'बंद करा' म्हणणाऱ्यांना उत्तर देता येतं.

आधी शेजारच्या मुलाची गोळी. साधं डिप्रेशन आणि बायपोलरमधलं डिप्रेशन बाहेरून सारखंच दिसतं. अंथरुणातून उठवत नाही, अंघोळ डोंगराएवढी वाटते, नको ते विचार येतात. फरक असतो मागच्या इतिहासात: कधीतरी आठवडाभर तीन तास झोपून टवटवीत राहणं, उधळपट्टी, तोंडाचा पट्टा थांबत नाही, चिडचिड. म्हणजे मेनिया, किंवा सौम्य असेल तर हायपोमेनिया. घरचे तो काळ आजार म्हणून सांगतच नाहीत. 'तेव्हा तर तो छान होता' म्हणतात! म्हणून निदान अनेकदा उशिरा होतं.

आपल्याला बायपोलर म्हटलं की मेनियाच आठवतो, पण माणसाची वर्षं खातं ते डिप्रेशन. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात टाइप वनच्या १४६ रुग्णांना सरासरी जवळपास तेरा वर्षं पाहिलं गेलं. सुमारे ३२ टक्के आठवडे डिप्रेशनच्या लक्षणांत गेले, मेनिया-हायपोमेनियाच्या लक्षणांत ९ टक्के.

इथे नुसती अँटिडिप्रेसंट दिली तर काही जणांचा मूड खालून थेट वर उडतो, मेनियात. म्हणून आधी मूड स्टॅबिलायझरचा आधार लागतो. त्यावर अँटिडिप्रेसंट जोडली तर? २००७ मध्ये ३६६ रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास आला. मूड स्टॅबिलायझरसोबत निम्म्यांना अँटिडिप्रेसंट, निम्म्यांना खोटी गोळी. टिकाऊ सुधारणा अँटिडिप्रेसंट गटात २३.५ टक्के लोकांत, खोट्या गोळीच्या गटात २७.३ टक्के. काही रुग्णांना डॉक्टर विचार करून अँटिडिप्रेसंट जोडतातही, पण 'तीच गोळी का नाही' याचं उत्तर या आकड्यांत आहे.

आता पंचवीस मिलिग्रॅम. लॅमोट्रिजिन मुळात फिटचं औषध. नेहमीचा क्रम असा: पहिले दोन आठवडे २५, पुढचे दोन ५०, पाचव्या आठवड्यात १००, सहाव्यापासून २००. म्हणजे ताई ज्या डोसवरून निकाल लावतायत तो पूर्ण डोसचा आठवा भाग आहे. आमच्याकडे नवीन व्हर्जन एकदम सगळ्या युजरना देत नाहीत, आधी थोड्यांना देतात, काही फुटत नाहीये ना ते बघतात आणि मग वाढवतात. तसंच हे. आणि इथे फुटू शकते ती त्वचा.

या औषधानं क्वचित, हजारात एकाच्या आसपास, गंभीर पुरळ येतं. स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम हे त्याचं भयंकर रूप, जिवावर बेतू शकणारं. धोका मुख्यतः पहिल्या दोन ते आठ आठवड्यांत, आणि डोस भराभर वाढवला तर तो वाढतो. म्हणून हा गोगलगायीचा वेग. डॉक्टर वेळ काढत नाहीयेत, तुमची कातडी वाचवतायत. सोबत व्हॅल्प्रोएट चालू असेल तर वेग आणखी निम्मा करतात, कारण व्हॅल्प्रोएटमुळे रक्तात लॅमोट्रिजिन साधारण दुप्पट साठतं. अंगावर पुरळ, त्यात ताप, तोंडात फोड, डोळे लाल, असं काही दिसलं तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. मे महिन्यात आपल्याकडे अर्ध्या लोकसंख्येला घामोळ्या असतात, हे मान्य. पण या आठ आठवड्यांत घामोळ्या आहेत की नाही हे डॉक्टरला ठरवू दे.

यातून एक गोष्ट निघते जी फार कमी लोकांना माहीत असते. गावी गेलो, गोळ्या विसरलो, पाच-सहा दिवस गेले, परत आल्यावर २०० ची गोळी टाकली. नाही! साधारण पाच दिवसांहून जास्त खंड पडला तर बहुधा पुन्हा २५ पासून चढावं लागतं. आधी डॉक्टरला फोन. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी लॅमोट्रिजिनची पातळी बरीच खाली येते, त्यामुळे त्या सुरू किंवा बंद करताना सांगायलाच हवं.

पूर्ण डोसवर तरी गुण येतो का? खरं सांगायचं तर सुरू असलेलं डिप्रेशन उठवण्यात लॅमोट्रिजिनचा परिणाम माफक आहे. पाच चाचण्या वेगवेगळ्या पाहिल्या तर एकीतही मुख्य निकष पार झाला नाही. २००९ मध्ये त्या पाचांतल्या हजाराहून जास्त रुग्णांची माहिती एकत्र केली, तेव्हा थोडा फायदा दिसला, तीव्र डिप्रेशन असलेल्यांत जास्त. त्याची खरी ताकद पुढचं डिप्रेशन लांबवण्यात आहे. म्हणून पुष्कळदा आत्तासाठी क्वेटायपिन देतात, ज्याचा परिणाम एक-दोन आठवड्यांत दिसू लागतो. त्याची किंमत म्हणजे झोप, वाढतं वजन, साखर. चिठ्ठीवर 'अँटिसायकोटिक' वाचून घाबरू नका, बायपोलर डिप्रेशनवर ते चाचण्यांत उतरलेलं औषध आहे.

आता लिथियम. मला सगळ्यात आवडणारं, कारण त्याची गोष्ट आपल्या भाईंदरच्या मिठागरांपर्यंत येते. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी मेनियाच्या दहा रुग्णांना ते दिलं आणि गुण आला. त्याच वर्षी अमेरिकेत हृदयरोग्यांना मिठाऐवजी लिथियम क्लोराइड विकलं जात होतं, त्यातून माणसं दगावली आणि ते बाजारातून काढावं लागलं. एकच पदार्थ, फरक मात्रेचा.

लिथियम आणि मिठातलं सोडियम रसायनशास्त्रात चुलतभाऊ. मूत्रपिंड दोघांना जवळपास सारखंच वागवतं. शरीरात मीठ-पाणी कमी पडलं की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवतं आणि त्याच्यासोबत लिथियमही. गोळी तीच, पण रक्तातली पातळी चढते. म्हणून जुलाब-उलट्या, उन्हात घामाघूम होणं, निर्जळी एकादशी किंवा रोजे, बीपीसाठी अचानक मीठ तोडणं, हे सगळं लिथियमवरच्या माणसासाठी डॉक्टरला विचारून करायच्या किंवा लगेच कळवायच्या गोष्टी. उलट पावसाळ्यात अचानक रोज उत्तनचं सुकट-बोंबील सुरू झालं तर पातळी उतरूही शकते. मीठ कमी-जास्त किती यापेक्षा रोज सारखं असणं महत्त्वाचं.

मेडिकलमधून सहज आणलेली कॉम्बिफ्लॅम किंवा डायक्लोफेनॅकसुद्धा पातळी चढवते. टेल्मिसार्टन, रामिप्रिलसारखी बीपीची औषधंही. ताप-डोकेदुखीला पॅरासिटामॉल त्यामानाने निर्धोक. हातांना जोरात कंप, उलट्या, झोकांड्या, अडखळतं बोलणं ही विषबाधेची लक्षणं. लोक 'प्यायलाय' समजतात. तिथे थेट हॉस्पिटल.

रक्ततपासणी शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी. रात्री नऊला घेतली तर सकाळी नऊला रक्त, आणि सकाळचा डोस असेल तर तो रक्त दिल्यावर. पातळी साधारण ०.६ ते ०.८ ठेवतात, गरजेनुसार १ पर्यंत. सोबत क्रिएटिनिन आणि थायरॉइडही नियमित. एवढा व्याप कशाला? कारण आत्महत्येचा धोका कमी करण्याबाबत लिथियमइतका पुरावा दुसऱ्या मूड स्टॅबिलायझरकडे नाही. आणि गोळी स्वस्त आहे. बरं वाटतंय म्हणून ते एकाएकी सोडलं तर आजार, विशेषतः मेनिया, लवकर उलटू शकतो. थांबवायचंच असेल तर डॉक्टरसोबत, हळूहळू.

व्हॅल्प्रोएटबद्दल एकच: मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांसाठी ते शक्यतो टाळतात, कारण गर्भाला गंभीर अपाय होतो. चालू असेल तर स्वतःहून बंद करू नका, पण हा विषय पुढच्या भेटीत काढाच.

खाजगी फी परवडत नसेल तर भाईंदरहून लोकलनं थेट मुंबई सेंट्रल, तिथून नायर हॉस्पिटल जवळ. किंवा दादरला उतरून परळचं केईएम. घोडबंदर रोडनं ठाण्याला जाणाऱ्यांसाठी १९०१ पासूनचं प्रादेशिक मनोरुग्णालय, त्याच्या नावाला घाबरू नका, बाह्यरुग्ण विभागात औषध घेऊन लोक संध्याकाळी घरी असतात. मध्यरात्री नको ते विचार आले, स्वतःला किंवा घरच्याला, तर टेलि-मानसचा नंबर १४४१६. चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं.

ताईंना एवढंच सांगितलंय की पुढच्या भेटीला तीन प्रश्न लिहून न्या: पूर्ण डोस कोणत्या तारखेला होणार, तोपर्यंत आत्ताच्या डिप्रेशनसाठी वेगळं काही द्यायचं का, आणि पुरळ दिसलं तर रात्री-अपरात्री फोन कुणाला करायचा.