घरगुती डक्ट
घर तापवणाऱ्या किंवा थंड करणाऱ्या मध्यवर्ती यंत्रातील हवा खोल्यांपर्यंत नेणारी आणि खोल्यांतील हवा यंत्राकडे परत आणणारी बंदिस्त नलिका म्हणजे डक्ट (वायुवाहिनी) होय. अमेरिका व कॅनडातील अनेक घरांत हिवाळ्यातील गरम आणि उन्हाळ्यातील थंड हवा एकाच डक्टजाळ्यातून फिरते. महाराष्ट्रात घरोघरी स्प्लिट एसी रूढ असल्याने डक्ट मुख्यत्वे चित्रपटगृहे, मॉल व मोठ्या कार्यालयांत आढळतात.

आखणी व जोडणी

प्रत्येक खोलीला किती उष्णता वा गारवा लागेल हे आधी मोजून मगच डक्टचा आकार ठरवणे अपेक्षित असते. प्रत्यक्षात अनेकदा अंदाजावर काम भागवले जाते आणि यंत्रापासून दूरची खोली कायम उपेक्षित राहते. डक्ट जस्तलेपित पत्र्याचे किंवा लवचीक असतात. लवचीक डक्ट पूर्ण ताणून, साधारण 1.2 ते 1.5 मीटर अंतरावर आधार देऊन बसवावा लागतो. तो सैल लोंबला किंवा तीव्र वळणात दबला, की हवेचा प्रवाह मंदावतो.

गळती

अमेरिकी सरकारच्या ‘एनर्जी स्टार’ कार्यक्रमानुसार सर्वसाधारण घरात डक्टमधून वाहणाऱ्या हवेपैकी 20 ते 30 टक्के हवा फटी, छिद्रे व सदोष सांध्यांतून वाया जाते. डक्ट माळ्यावरून गेलेले असल्यास तापवलेली हवा माळाच तापवते. सांधे स्क्रूने आवळून त्यांवर मॅस्टिक हा घट्ट लेप देणे ही भरवशाची पद्धत आहे. ‘डक्ट टेप’ हे नाव मात्र फसवे आहे. लॉरेन्स बर्कले राष्ट्रीय प्रयोगशाळेने 1998 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत रबरी गोंदाची कापडी डक्ट टेप डक्टच्या सांध्यांवर टिकली नाही.

परतीच्या डक्टकडे सहसा दुर्लक्ष होते, पण खरा धोका तेथेच आहे. तळघरातील फुटका परतीचा डक्ट आसपासची हवा ओढून घेतो. तेथे गॅसवर चालणारे पाणी तापवण्याचे यंत्र असल्यास त्याचा धूर धुराड्यातून वर जाण्याऐवजी घरात उलटू शकतो. त्यातील कार्बन मोनॉक्साइडला रंग वा वास नसतो. वाहनतळाच्या खोलीतून जाणारा गळका डक्टही मोटारीचा धूर घरात आणू शकतो.

गळती तपासण्यासाठी सर्व झरोके बंद करून पंख्याने डक्टमध्ये ठरावीक दाब, बहुधा 25 पास्कल, निर्माण करतात आणि तो टिकवण्यास किती हवा लागते ते मोजतात. छत व भिंती झाकण्यापूर्वी ही चाचणी झाल्यास सांधे सहज दुरुस्त करता येतात.